हवेतून कार्बन डायऑक्साइड ‘काढणं’ म्हणजे नेमकं काय? गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, डिचोली, म्हापसा इथल्या वाचनालयांत आणि काही हायस्कुलांत या विषयावर बोलायला जातो, तेव्हा प्रश्न साधारण तेच येतात, क्रम तेवढा बदलतो. गोंधळाचं मूळही बहुतेक वेळा एकच असतं. ‘आम्ही कार्बन काढतो’ हे कुणी कशाला म्हणावं याला काही धरबंध उरलेला नाही. रोपं वाटणारा तेच म्हणतो, सिमेंटवाला तेच म्हणतो आणि विमानाचं तिकीट विकणाराही तेच म्हणतो. म्हणून इथली उत्तरं व्याख्येच्या अंगाने लिहिली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

व्याख्या एका दमात सांगा.

हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, जी व्याख्या मांडली आहे ती मराठीत साधारण अशी होईल: माणसाने मुद्दाम काही करून वातावरणातला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढणं आणि तो भूगर्भात, जमिनीवर, समुद्रात किंवा एखाद्या वस्तूत टिकाऊपणे साठवणं. निसर्ग आपणहून जे शोषतो ते यात धरत नाहीत.

कुठलीही योजना समोर आली की मी तिला याच व्याख्येतले प्रश्न विचारतो. वायू आला कुठून? कुणाच्या करणीमुळे आला? जाऊन बसला कुठे, आणि किती काळ? त्याशिवाय एक हिशेबाचा प्रश्न उरतोच: हे सगळं करताना किती धूर सोडला? पुढची सगळी उत्तरं म्हणजे याच प्रश्नांची उजळणी आहे, तेव्हा कंटाळा आला तर थेट समुद्रात लोह टाकण्याच्या प्रयोगावर जा. तो सर्वांत रंगतदार आहे आणि आपल्या पणजीजवळच्या दोना पावलाचा आहे.

मी स्कूटर सोडून बसने जातो. म्हणजे मी कार्बन काढला ना?

नाही. चांगलं केलंत, पण कार्बन काढला नाहीत, फक्त नवा सोडला नाहीत. टाकी भरून वाहत असताना नळ बंद करणं हे एक काम, टाकीतलं पाणी उपसणं हे दुसरं.

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. रोज वीस किलोमीटर आणि लिटरला चाळीसचं मायलेज धरलं तर एका स्कूटरचा वर्षाचा हिशेब ४२० किलोच्या आसपास येतो. हा वायू हवेत गेलाच नाही तर उत्तमच. पण औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हा जो फरक आधीच साचला आहे, त्याला बसने जाऊन धक्का लागत नाही. ‘काढणं’ हा शब्द त्या साचलेल्यासाठी राखून ठेवायचा.

कारखान्याच्या धुराड्यालाच यंत्र बसवून वायू पकडतात, ते?

त्याला सीसीएस, म्हणजे कार्बन कॅप्चर अँड स्टोरेज, म्हणतात, आणि तोही काढण्यात मोडत नाही. नॉर्वेजवळ उत्तर समुद्रात स्लाइपनर नावाचं वायुक्षेत्र आहे. तिथे १९९६ पासून नैसर्गिक वायूत मिसळलेला कार्बन डायऑक्साइड वेगळा करून समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडतात, सुरुवातीची बरीच वर्षं वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास. काम पक्कं, साठाही पक्का. पण तो वायू मुळात जमिनीखालचाच. खालून आला आणि खाली गेला, हवेतून काहीच कमी झालं नाही. दगडी कोळशाच्या धुराड्याचंही तेच.

त्याच धुराड्याखाली लाकूड किंवा उसाची चिपाडं जाळली तर मात्र उत्तर बदलतं. यंत्र तेच, नळी तीच, पण चिपाडातला कार्बन वर्षभरापूर्वी हवेत होता. उसाने तो ओढून घेतला, आपण तो पुरला. हे काढणं झालं. व्याख्या यंत्राकडे बघत नाही, वायूच्या मुळगावाकडे बघते.

मग काजूचा रस आंबतो तेव्हा फेसाळून जो वायू निघतो, तो पकडला तर?

हा प्रश्न सत्तरी तालुक्यातल्या एका कॉलेजकुमाराने विचारला होता. सभागृह हसलं, पण प्रश्न शंभर नंबरी आहे.

साखर आंबली की अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो. १८० किलो ग्लुकोज पूर्ण आंबलं तर ८८ किलो वायू निघतो, आणि तोही जवळजवळ शुद्ध, धुरासारखा भेसळीचा नव्हे. काजूच्या बोंडातली साखर झाडाने हवेतूनच बनवलेली असते. तेव्हा हा वायू पकडून भूगर्भात पुरला, तर व्याख्येत चपखल बसतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डेकॅटरला मक्यापासून इथेनॉल करताना निघालेला असाच वायू २०११ पासून खोल वालुकाश्मात सोडला गेला.

भाटीवर, म्हणजे काजूची दारू गाळतात तिथे, ते परवडणार नाही, हे सांगायला नकोच. हंगाम उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांचा, भाट्या डोंगरभर विखुरलेल्या, आणि ज्या सरपणावर हुर्राक आणि फेणी उकळते त्या सरपणाचा धूर हिशेबात धरावा लागेल. पण पद्धत म्हणून उत्तर ‘हो’.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो असं शाळेत शिकलो. मग भिंतीला चुना लावणं म्हणजे काढणंच नाही का?

शोषतो, अगदी खरं. भिजवलेला चुना भिंतीवर लावला की तो हवेतला वायू घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, म्हणूनच तो कडक होतो. तेवढंच बघितलं तर प्रत्येक जुनं देऊळ आणि चर्च म्हणजे कार्बन काढण्याचं यंत्र.

पण चुना आला कुठून? आपल्याकडे पूर्वी शिंपल्या भट्टीत भाजून चुना करत. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शंभर किलो शुद्ध कार्बोनेट भाजलं की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भिंतीवरचा चुना आयुष्यभरात फार तर तेच ४४ किलो परत घेतो. वर भट्टीतल्या लाकडाचा धूर वेगळा. म्हणजे जमाखर्चाची फक्त जमेची बाजू दाखवून कुणी तुम्हाला प्रमाणपत्र विकत असेल, तर तो भिंतीला नव्हे, तुम्हालाच चुना लावतो आहे.

भट्टीतून उडणारा वायू पकडून पुरला, तर मात्र भिंतीने नंतर घेतलेला सगळा हिस्सा खराखुरा काढलेला ठरतो. चुन्याचं असं चक्र फिरवत ठेवून हवा गाळण्यावर काम चालू आहे.

यालाच जोडून येणारा उपप्रश्न: तिसऱ्या आणि खुबे हे शिंपल्यांतले जीव शिंपली बनवतात तेव्हा कार्बन अडकतो ना? अडकतो, पण समुद्रातल्या बायकार्बोनेटपासून शिंपली बनताना त्याच रासायनिक क्रियेत पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुटतोही. त्यामुळे शिंपल्यांचे ढीग दाखवून केलेला ‘काढल्याचा’ दावा टिकत नाही. तिसऱ्यांचं सुकं मात्र जरूर करा, ते दुसऱ्या कारणांसाठी.

हवा ओढून वायू वेगळा करणारी यंत्रं खरंच आहेत का?

आहेत. आइसलँडमध्ये क्लाइमवर्क्स कंपनीचा ऑर्का हा प्रकल्प सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाला. क्षमता वर्षाला ४,००० टन, म्हणजे वरच्या हिशेबाने साडेनऊ हजार स्कूटरींचा धूर. पकडलेला वायू पाण्यात विरघळवून तिथल्या बेसाल्ट खडकात सोडतात. खडकातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी संयोग होऊन त्याचा दगड बनतो. त्या खडकात आधी केलेल्या चाचणीत दोन वर्षांच्या आत सुमारे ९५ टक्के वायू दगड झाल्याचं २०१६ साली प्रसिद्ध झालं. टिकाऊपणाच्या कसोटीवर याहून चांगलं उत्तर मिळणं कठीण.

अडचण दुसऱ्या टोकाला आहे. एका घनमीटर हवेत हा वायू पाऊण ग्रॅम. एक टन गोळा करायला किमान तेरा लाख घनमीटर हवा यंत्रातून जायला हवी. ती ओढायची, शोषक पदार्थ तापवून वायू सोडवायचा, याला भरपूर ऊर्जा लागते. आइसलँडला ती भूगर्भातल्या उष्णतेतून मिळते. कोळशाच्या विजेवर हेच यंत्र चालवलं तर एका हाताने काढायचं आणि दुसऱ्या हाताने सोडायचं. आपल्याकडच्या जुलैमधल्या हवेत तर यातले काही शोषक कार्बन डायऑक्साइडसोबत बाष्पही धरून ठेवतात आणि ते हाकलायला आणखी उष्णता जाते.

झाडं लावणं यात येतं की नाही?

येतं. आज जगात माणूस जेवढा काढतो त्यातला जवळजवळ सगळा झाडांच्याच जोरावर. वाळलेल्या लाकडात निम्मा कार्बन असतो. शंभर किलो वाळलेलं लाकूड म्हणजे साधारण १८३ किलो कार्बन डायऑक्साइड.

पण आधीपासून उभं असलेलं जंगल ‘आम्ही काढलेला कार्बन’ म्हणून दाखवता येत नाही. ते राखणं म्हणजे नळ बंद ठेवणं. शिवाय टिकाऊपणाचा प्रश्न आहेच. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांत वणवे पेटले होते, ते आपण घरात बसून धुराच्या वासाने ओळखले. झाडातला साठा असा एका आठवड्यात हवेत परत जाऊ शकतो. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या नियमावलीत म्हणूनच कित्येक शतकं टिकणारं ‘कायमचं काढणं’ वेगळं ठेवलं आणि शेती-जंगलातलं तात्पुरतं वेगळं. मला हा भेद पटतो. झाडाला कमी लेखण्यासाठी तो केलेला नाही. पेट्रोलचा कार्बन हवेत गेला की त्याचा परिणाम हजारो वर्षं राहतो, त्याच्या बदल्यात तीस वर्षांचं अकेशियाचं रान मोजणं हा सौदा समान नाही, एवढंच.

आमच्या खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताचा, बांध फुटला, दुरुस्त कुणी केला नाही, आणि आता तिथे खारफुटी माजली आहे. हे कार्बन काढणं धरणार का?

या प्रश्नावर दोन गट पडून मी वाद झालेले पाहिले आहेत. खारफुटीच्या चिखलात कार्बन खरोखर साठतो. खाऱ्या, प्राणवायू नसलेल्या गाळात पानं-मुळं कुजायला फार वेळ लागतो, म्हणून अशा साठ्याला ‘नील कार्बन’ असं खास नावही मिळालं आहे. तरी व्याख्या विचारते: कुणाच्या करणीमुळे? मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, मोडला, बांध खचला, भरतीचं पाणी कोरगुट भाताच्या शेतात शिरलं आणि झाडं आपोआप उगवली, यात कार्बन काढण्यासाठी कुणी काही केलं नाही. दुर्लक्षाला ‘कृती’ म्हणायचं का? माझं मत, नाही. उद्या कुणी त्या शेताच्या नावावर कार्बनचे पैसे मागू लागला, तर बांध फुटू देण्यालाच बक्षीस मिळेल, आणि भात गेलेल्या भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, आणि कुळाचं नुकसान कुठल्याच वहीत येणार नाही.

ओसाड किनाऱ्यावर ठरवून, रोपं लावून खारफुटी उभी केली तर ते काढणं आहे. त्यातही चिखलातून सुटणारा मिथेन, तोही हवा तापवणारा वायू, वजा करावा लागतो.

समुद्रात लोखंड टाकायचा प्रयोग गोव्याच्या शास्त्रज्ञांनी केला होता म्हणे?

केला होता, आणि आपल्या मुलांना तो माहीत नसतो याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

दक्षिण महासागरात नायट्रेट-फॉस्फेट मुबलक आहे, पण लोह नाही म्हणण्याइतकं कमी. लोह टाकलं तर सूक्ष्म वनस्पती वाढतील, कार्बन डायऑक्साइड ओढतील, मरून खोल बुडतील आणि कार्बन तळाशी जाईल, अशी कल्पना १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून चर्चेत होती. ती तपासायला दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, म्हणजे आपल्या एनआयओने, जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर ‘लोहाफेक्स’ मोहीम आखली. नावातला ‘लोहा’ म्हणजे आपलं लोहच. भारताकडून वजीह नक्वी आणि जर्मनीकडून व्हिक्टर स्मेटाचेक हे प्रमुख होते.

पोलारस्टर्न हे जर्मन जहाज जानेवारी २००९ मध्ये केपटाऊनहून निघालं आणि वादही त्याच्याबरोबर निघाला. समुद्रात अशी खतं टाकण्यावर २००८ मध्येच आंतरराष्ट्रीय निर्बंध आले होते, फक्त खऱ्या वैज्ञानिक संशोधनाला वाट ठेवली होती. पर्यावरण संघटनांनी हरकत घेतली, जर्मन सरकारने प्रयोग थांबवला आणि तपासणीनंतर महिनाअखेर परवानगी दिली. तोवर जहाज भर समुद्रात.

मग दक्षिण अटलांटिकमधल्या एका मोठ्या भोवऱ्याच्या पोटात, सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात, दोन वेळा प्रत्येकी दोन टन लोह सल्फेटच्या रूपात सोडलं आणि ३९ दिवस त्याचा पाठलाग केला. पाणी हिरवंगार झालं, हरितद्रव्य दुप्पट झालं. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. पण त्या पाण्यात सिलिकेट कमी होतं. डायॅटम नावाच्या काचेच्या कवचाच्या जड वनस्पती, ज्या बुडतात, त्यांना कवचासाठी सिलिकेट लागतं, त्यामुळे त्या वाढल्याच नाहीत. वाढल्या त्या इवल्याशा, आणि त्यांच्यावर कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांनी ताव मारला. खाल्लेला कार्बन श्वासावाटे पुन्हा पाण्यात आणि तिथून हवेत. खोल समुद्राकडे जाणारा कार्बन वाढल्याचं दिसलं नाही.

पुष्कळजण याला फसलेला प्रयोग म्हणतात. मला तो व्याख्येवरचा सर्वांत चांगला धडा वाटतो. वायू हवेतून ओढला गेला, माणसाने मुद्दाम केलं, पण टिकाऊ साठवण झाली नाही, म्हणून काढणं झालं नाही. आणि हे कळलं ते खाली जाणारे कण मोजणारी उपकरणं बसवली होती म्हणून. नुसता उपग्रहातून हिरवा डाग पाहिला असता, तर कुणीतरी पेढे वाटले असते.

मग खाणीचं लाल पाणी मांडवीतून समुद्रात जातं, त्याने फायदा होत असेल?

होत नाही. आपल्या किनाऱ्याजवळ लोहाचा तुटवडा नाही, आणि खनिजातलं हेमटाइट पाण्यात फारसं विरघळतही नाही. उलट आपल्या उथळ समुद्रात पावसाळ्याच्या उत्तरार्धात तळाजवळचा प्राणवायू संपत येतो. तशा पाण्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात सुटतो, हे एनआयओच्याच शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिलं. शंभर वर्षांच्या हिशेबात तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक. इथे वनस्पती वाढवून कुजवणं म्हणजे रोग परवडला पण औषध नको.

दगडाची पूड शेतात टाकून कार्बन काढतात असं वाचलं. आमच्याकडे चिऱ्यांच्या खाणींत पूड पडून आहे, ती चालेल?

चिऱ्याची नाही चालणार. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, खडकातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवतं, आणि वायू बायकार्बोनेट बनून नदीवाटे समुद्रात जातो, तो हजारो वर्षांसाठी. खडक दळून शेतात पसरला की हेच काम वेगाने होतं. पण जांभ्यातून, म्हणजे चिऱ्याच्या दगडातून, ते कॅल्शियम-मॅग्नेशियम लाखो पावसाळ्यांनी कधीच धुऊन नेलं आहे. मागे उरले ते लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, म्हणून तर चिरा तांबडा. घराची भिंत बांधता त्या दगडाने आपलं कार्बन काढण्याचं काम आधीच उरकलं आहे.

लागतो तो बेसाल्ट, घाटापलीकडचा काळा पत्थर, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. भारतातल्या छोट्या भातशेतकऱ्यांच्या शेतांत बेसाल्टची पूड टाकणाऱ्या माती कार्बन या संस्थेला एप्रिल २०२५ मध्ये एक्सप्राइझ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं पारितोषिक मिळालं. मात्र आपली जमीन आधीच आम्लधर्मी आहे. पूड जर मातीतल्या इतर आम्लांनीच विरघळवली, तर पीक सुधारेल, पण हवेतून वायू तेवढा येणार नाही. माती आणि पाणी तपासल्याशिवाय आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

नारळाच्या करवंट्यांचा कोळसा?

प्राणवायूशिवाय भाजून केलेला आणि मातीत गाडलेला कोळसा, म्हणजे बायोचार, व्याख्येत बसतो. त्याचा बराच भाग शतकानुशतकं कुजत नाही. तोच कोळसा चुलीत घातलात तर नाही. ढिसाळ भट्टीत मिथेनचा धूर झाला तर हिशेब उलटतो. कुळागरांतून आणि भाटांतून आपल्याकडे कच्चा माल पुष्कळ आहे, त्यामुळे गोव्यापुरता मला हाच मार्ग सर्वांत जवळचा वाटतो.

पकडलेला वायू सोड्याच्या बाटलीत भरला तर?

झाकण उघडेपर्यंत.

आकाशात कण फवारून ऊन अडवतात, तेही यातच का?

नाही. त्याने तापमान उतरेल, पण वायू जिथल्या तिथे राहतो आणि समुद्राचं आम्लीकरणही चालूच राहतं. लंडनच्या रॉयल सोसायटीने २००९ च्या अहवालात दोन्ही गोष्टी स्वच्छ वेगळ्या केल्या, तरी बातम्यांमध्ये त्या अजून एकाच ताटात वाढल्या जातात.

आज जग एकूण किती काढतं?

अलीकडच्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे २२० कोटी टन, आणि ते जवळजवळ सगळं जंगलांतून. बायोचार, हवा गाळणारी यंत्रं, दगडाची पूड वगैरे नव्या पद्धती मिळून १३ लाख टनांच्या आसपास. कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण वर्षाला ३,७०० कोटी टन सोडतो. म्हणजे नव्या पद्धतींची वर्षभराची कमाई जग अठरा-एकोणीस मिनिटांत उडवतं.

आमच्या घराचा दरवाजा फणसाच्या लाकडाचा, पणजोबांच्या काळातला. तो मोजायचा का?

लाकडी वस्तू हा मान्य साठा आहे, आणि शंभर वर्षं टिकलेला दरवाजा हा चांगला साठा. पण त्यातला कार्बन फणसाने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ओढला. आज तुमच्या नावावर नवीन काही जमा होत नाही. वाळवी लागू दिलीत तर मात्र खर्ची पडेल.